ज्ञानदा चार्ज देते

शितोळ्यांच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची पद्धत नव्हती. हवाई दलाचं क्वार्टर आज आपलं, उद्या दुसऱ्याचं, मग भिंत कशाला खराब करायची, असं वॉरंट ऑफिसर नरेंद्र शितोळे यांचं म्हणणं. आधीचं कुटुंब जिथे खिळा सोडून गेलं असेल तिथे यांचं कॅलेंडर लागायचं. बिदरला तो खिळा न्हाणीघराच्या दाराशी होता, त्यामुळे तिथल्या मुक्कामात सगळ्यांनी टॉवेल खांद्यावर टाकूनच तारखा बघितल्या. घरातल्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. वर चादर अंथरली की दिवाण, चादर काढली की बदली.

त्यांची एकुलती एक मुलगी ज्ञानदा या ट्रंकांवरच वाढली. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायला लागली की वाक्य मराठीत चढायचं आणि हिंदीत उतरायचं. गाव सोडून जाण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेच्या शेवटच्या दिवशी ती उसना घेतलेला कंपाससुद्धा परत करायची, आणि तिच्या जागेवर बसणाऱ्या मुलीला कोणत्या बाई कधी चिडतात तेही सांगून ठेवायची. “आपण गेल्यावर मागच्याला अडायला नको,” हे बाबांचं वाक्य. फौजेत याला चार्ज देणं म्हणतात. लोक मुलांना श्लोक शिकवतात, शितोळ्यांनी चार्ज द्यायला शिकवलं.

चंदीगडला मात्र वेगळंच झालं. बाबांचा मुक्काम वाढत गेला आणि ज्ञानदाचं कॉम्प्युटर सायन्सचं अख्खं शिक्षण एकाच कॉलेजात, एकाच शहरात झालं. हा त्या घरातला विक्रमच. शेवटच्या सहामाहीत वर्ग नसतात, कंपनीत जाऊन इंटर्नशिप करायची असते आणि काम पसंत पडलं तर तिथेच नोकरी लागते. ज्ञानदाला चंदीगडच्याच मनीमाजरा भागाला लागून असलेल्या आयटी पार्कात एक लहानशी कंपनी मिळाली. शाळेची बस कुठवर आली ते पालकांना कळवणारं अ‍ॅप हे लोक चालवायचे.

जानेवारीत ती रुजू झाली तेव्हा चंदीगडवर धुकं असं बसलं होतं की समोरचा सेक्टर दिसेना. बसेस धुक्यात उभ्या आणि अ‍ॅप मात्र पालकांना बेधडक सांगतंय, बस पाच मिनिटांत येतेय. पोरं थांब्यावर कुडकुडत, आयांचे फोनवर फोन. ज्ञानदा अशा परक्या थांब्यांवर खूप उभी राहिलेली. तिने प्रोग्रॅम बदलला: बस हलत नसेल तर अंदाज ठोकायचा नाही, उभी आहे असं सरळ सांगायचं. फोन एकदम कमी झाले. टीमच्या प्रमुख गुरलीन मॅडम, तोंडाने फटकळ आणि डब्याने उदार, यांनी तिला मुळ्याचा अर्धा पराठा दिला. त्यांच्याकडे ही मोठी शाबासकी होती.

ज्ञानदाला हे ऑफिस आवडलं. खिडकीतून दिसणारे डोंगर आवडले, चहाला होणारी भांडणं आवडली. सकाळी उठल्यावर तिथे जावंसं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या ठिकाणाहून निघूच नये असं तिला वाटत होतं, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

तिच्या जोडीचा इंटर्न पुनीत मनीमाजऱ्याचाच. ऑफिस घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून रोज उशीर. पण सांगण्याच्या बाबतीत तो कधी चुकला नाही. मॅडम दिसल्या की, “मॅम, मेरा पक्का करवा दो, मुझे तो यहीं बूढा होना है.”

मे महिना लागला आणि ज्ञानदाने आपल्याही नकळत चार्ज द्यायला सुरुवात केली. आपल्या कामाचा एकेक भाग कसा चालतो ते लिहून काढलं. पुनीतला शेजारी बसवून सगळं शिकवलं. टेबलावरचं मनीप्लांट त्याच्या टेबलावर ठेवलं, पाणी कधी घालायचं ते बजावलं. लॉकर रिकामा करून आपलं नाव खरवडून काढलं, वर फडकंही मारलं. नोकरीचं बोलावणं यायचं तेव्हा येईलच, अशी तिची ठाम समजूत. तिच्या घरी सगळं वरूनच यायचं. कागद आला की निघायचं, नाही आला तर राहायचं. मध्ये कोणाला काही विचारायची सोयच नव्हती. आताही बाबांचा जोधपूरचा कागद नुकताच आला होता आणि आईने न बोलता चादरी काढायला घेतल्या होत्या.

एका दुपारी पुनीत समोसे घेऊन आला. “मेरा नाम ऊपर चला गया, यार. एक ही सीट थी. तू कहां जॉइन कर रही है?”

“मैं? कहीं नहीं.”

“तो फिर लॉकर क्यों पोंछ रही थी, पागल?”

समोसा ज्ञानदाच्या हातात तसाच राहिला. पुनीतचा चेहराही पडला, कारण पोरगा मनाचा चांगला होता.

घरी तिची आई नीला ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकत होती. ज्ञानदाने सगळं सांगितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं ते बोलावतील. मैं खुद कैसे बोलती, मम्मी? अच्छा थोडी लगता है.”

“तू त्यांना सांगितलंस का, की मला राहायचंय?”

“नाही.”

“मग त्यांना काय स्वप्न पडणार होतं?” नीला ट्रंकेवरच बसली. “ऑर्डर आपल्याकडे निघतात, बाळा. तिथे तोंड उघडावं लागतं. तेजपूरला मी शाळेत शिकवत होते, आठवतं? मुलं मला सोडायला तयार नव्हती. शाळेने थांबा म्हटलं असतं तर तुझ्या बाबांशी बोलले असते मी. पण मीच आठवडाभर आधी कपाट आवरून किल्ली देऊन मोकळी झाले. कोण कशाला थांबवेल?”

आईलाही कधी थांबायचं होतं हे ज्ञानदाला माहीत नव्हतं. ती आईच्या शेजारी ट्रंकेवर टेकली.

दुसऱ्या दिवशी ती गुरलीन मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पाठ केलेलं सगळं वाक्य विसरली. “मॅम, मुझे जाना नहीं है.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “तू तो महीने भर से बोरिया-बिस्तर बांध रही है. मैंने सोचा बंगलोर-वंगलोर मिल गया होगा. पूछा भी नहीं, बुरा लगा था मुझे.”

मग ज्ञानदाने ट्रंका, खिळे, चार्ज, सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी हसल्या, इतक्या की शेजारचे लोक वळून बघायला लागले. मग चष्मा काढून पुसत बसल्या. “पुनीत का नाम वापस नहीं लूंगी.”

“नको, मॅम. वो नहीं चाहिए.”

“अपने ऐप पे लुधियाना के स्कूल आने वाले हैं. एक और सीट के लिए लडूंगी. वादा नहीं करती. और सुन, लॉकर पे नाम लिख अपना.”

ज्ञानदाने जागा मिळायची वाट न बघता लॉकरवर पुन्हा नाव लिहिलं. तिच्या हिशेबाने हा शुद्ध आगाऊपणा होता. पुढचे दिवस ती घरी ट्रंका भरायला मदत करायची आणि फोन वाजला की हातातलं भांडं टाकून धावायची. नरेंद्ररावांनी सगळ्या ट्रंकांवर जोधपूरचा पत्ता रंगवला, पण तिची ट्रंक बाजूला कोरीच ठेवली. विचारलं तर म्हणाले, “रंग संपला.” डब्यात रंग होता.

शेवटी मॅडमचा निरोप आला, तोही त्यांच्याच थाटात: ‘मिल गई. सोमवार को आ जाना, और कुछ पोंछना मत.’ ज्ञानदा नाचली. आईने तिला जवळ ओढलं आणि आनंदाने रडून घेतलं. बाबा त्यांच्या कामात होते, फक्त तिची ट्रंक त्यांनी तीनदा पुसली.

जोधपूरला निघायच्या आदल्या दिवशी नरेंद्रराव लेकीला मनीमाजऱ्यात भाड्याच्या खोलीवर सोडायला गेले. ट्रंक भिंतीशी ठेवली, नळ तपासला, कडी तपासली. मग खिशातून एक खिळा काढला आणि मालकीणबाईंना अदबीने विचारलं, “जी, दीवार में एक कील लगा सकते हैं?”

“एक क्यों, दस ठोको जी,” बाई म्हणाल्या आणि हातोडी आणून दिली.

सारं आयुष्य विमानं दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला तो खिळा काही सरळ ठोकता आला नाही. प्लास्टरचा पोपडा पडला, अंगठ्यावर एक बसली. ज्ञानदा हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

“वाकडा गेला,” बाबा म्हणाले. “पण पक्का आहे. हलणार नाही.”

टांगायला कॅलेंडर नव्हतं. ज्ञानदाने गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढून त्या खिळ्याला अडकवलं, आणि निघताना बाबांनी पहिल्यांदाच “मागच्याला अडायला नको” असं म्हटलं नाही.