बंबाच्या तांब्याचं इंजिन

बुधवार, १८ डिसेंबर २०२४. थंडी फार. मालनबाई कामाला उशिरा आली, तिच्या नातीला ताप. कोबी आणि मटार आणले. दुपारी जॉनभाऊ आले, चहा घेतला. मेळ्यात गाडीला मोटर बसवा म्हणाले. नाही म्हटलं. संध्याकाळी बॉयलरची पाण्यावर चाचणी घेतली. पुढच्या सांध्यातून गळला.

एवढं लिहून एस्तेरबाई वैरागरांनी पेनाला टोपण लावलं. समोर वर्तमानपत्रावर तांब्याचं नळकांडं आडवं पडलं होतं, आणि त्याच्या पुढच्या तोंडातून पाण्याचा एकेक थेंब फुगून खाली पडत होता. बाईंनी त्याखाली बशी सरकवली आणि त्या कुकर लावायला उठल्या.

बेलापुरातल्या त्या घराच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिला गाव अजून ‘योहानभाऊंचा कारखाना’ म्हणतं. योहान वैरागर साखर कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद धरला होता. बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची गाडी उघडायची, तिला पितळेचं धुराडं, घंटा, कठडे बसवायचे, हिरवा रंग देऊन सोनेरी रेघा ओढायच्या. पाहणारा खरंच थक्क व्हायचा. पण पोटात शेवटी बॅटरीवरची मोटरच असायची.

“यात वाफ का नाही भरत?” असं एस्तेरबाईंनी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा विचारलं होतं.

“घरात वाफ कुकरपुरती,” योहान हसून म्हणायचे. “वाफेच्या भानगडीत तू पडू नकोस.”

बाईंचं बालपण कारखान्याच्या चाळीत गेलं होतं. उसाच्या डब्यांची माळ ओढत धापा टाकणारं छोटं इंजिन त्यांनी रोज पाहिलं होतं, पुढे सिस्टरांच्या बोर्डिंगात गेल्यावर भूमितीच्या वहीत मागच्या पानावर काढलंही होतं. नंतर मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. योहानचे हात शेवटी शेवटी थरथरू लागले, तेव्हा लेथवर बाई बसू लागल्या. चाकं त्यांनी कातली, नाव योहानचं झालं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण गाड्या योहानच्याच होत्या.

हे इंजिन मात्र त्यांचं होतं. योहान गेल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावर ते आखलं, पितळेच्या सळईतून सिलिंडर आणि दट्ट्या कातला, चाकं ओतून आणली, चौकट कापली. बाजारची एकही वस्तू त्यात नव्हती, दाबाचं घड्याळ सोडलं तर. लांबी हातभर, आणि पोटात मोटरला जागाच ठेवली नव्हती.

गावानं काय म्हणावं? “भाऊंचं अर्धं राहिलेलं काम वहिनी पुरं करतात, बघा.” योहान एकही काम अर्धं ठेवून गेलेले नव्हते. पण ऐकतो कोण?

जॉन आढाव त्यातलेच. योहानचे जिवलग मित्र, बँकेतून निवृत्त, आणि नाताळानंतर चर्चच्या आवारात भरणाऱ्या आनंदमेळ्याचे सर्वेसर्वा. दुपारी खुर्चीत बसता बसता त्यांनी सुरुवात केली होती.

“वहिनी, टेबल मध्यभागी दिलंय. वर फलक लावतोय, ‘योहानभाऊंची गाडी’. फुलं, फोटो, सगळं. फक्त आत एक मोटर टाका.”

“आणि वाफ?”

“धुराड्यात उदबत्ती खोचू! पोरांना काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

“अहो, आवार पोरांनी भरलेलं असतं. तुमचा तो कुकर फुटला तर फादर मला फाडून खातील.”

हे मात्र खोटं नव्हतं. पोरांच्या गर्दीत कच्चा बॉयलर पेटवणं बाईंनाही मान्य नव्हतं. त्या म्हणाल्या, “चाचणी तुमच्या डोळ्यांसमोर करते, जॉनभाऊ. दाबाचा काटा उतरला तर इंजिन आणतच नाही. पण मोटर बसणार नाही. आणि फलकावर योहानचं नाव लावायचं असेल तर त्यांच्या गाड्या न्या, कपाटात आहेत. हे इंजिन माझं आहे.”

“तुमचं-त्यांचं असं असतं का वहिनी नवरा-बायकोत?”

“इंजिनात असतं.”

जॉनभाऊ चहा संपवून गेले आणि जाताना दारात म्हणाले, “माझ्याकडे एक मोटर पडून आहे. पाठवून देतो. लागली तर.”

तो ‘लागली तर’ बाईंना फार झोंबला. आणि त्याच संध्याकाळी बॉयलर गळला.

ही चाचणी साधी असते. बॉयलर पाण्यानं पूर्ण भरायचा, सगळी भोकं बंद करायची आणि हातपंपानं आत दाब द्यायचा, वाफेला पुढे लागणार असेल त्याच्या दुप्पट. सांधा सुटलाच तर नुसतं पाणी गळतं, कुणाला इजा होत नाही. काटा जागचा हलला नाही तरच पुढे विस्तवाची गोष्ट काढायची. बाईंचा काटा चढला, थरथरला आणि खाली आला.

सकाळी त्यांनी पुढचं तोंड बंद करणारी चकती करवतीनं कापून काढली. सांधा जोडायला दिलेला चांदीचा डाख भुसभुशीत झाला होता, नखानं सुटत होता. नळकांड्याच्या आत त्यांनी टॉर्च मारला. आत पांढरं चकचकीत.

त्या तशाच पिशवी घेऊन बाजारात बजरंग तांबटाच्या दुकानात गेल्या. पत्रा गोल वळवून देणं, चकत्यांच्या कडा ठोकणं हे जड काम बजरंगनं केलं होतं. डाख बाईंनी स्वतः दिला होता, पण तेव्हा आत डोकावून पाहिलं नव्हतं.

“बजरंग, आत काय लावलं होतंस?”

“कल्हई केली की बाई,” बजरंग अभिमानानं म्हणाला. “फुकट केली. तुमच्याकडनं त्याचं पैसं घ्यायचं व्हय?”

“कुणी सांगितली होती?”

“सांगायला कशाला पायजे? तांब्याचं भांडं कल्हईबिगर माझ्या दुकानातनं भाईर जात न्हाई. बाप असता तर हात तोडला असता माझा. पानी ठेवायचं हाय ना त्यात?”

“पाणी प्यायचं नाही रे त्यातलं!” बाईंना हसावं की रडावं कळेना. “कथलावर चांदीचा डाख बसत नाही. तापलं की कथील त्यात मिसळतं आणि सांधा ठिसूळ होतो. हा पत्रा गेला आता.”

बजरंगचा चेहरा उतरला. त्यानं नळकांडं हातात घेऊन फिरवलं. “घासून काढू?”

“आत मुरलंय. नाही निघायचं.”

“मंग नवा पत्रा. पन इतका जाड न्हाई माझ्याकडं. नगरला फोन लावतो.” त्यानं लावला. तिकडून उत्तर आलं, जानेवारीत बघू.

बाई घरी परत आल्या. मागच्या अंगणात मोरीशेजारी बंब धुमसत होता. मालनबाईनं त्यात दाणे काढलेली मक्याची कणसं जळणाला घातली होती. लग्नात आईनं दिलेला तांब्याचा बंब. पोट जाड पत्र्याचं, ठोक्याठोक्यानं घडवलेलं. बाईंनी त्याच्यावर बोट वाजवलं. बंबाच्या पाण्यानं फक्त आंघोळ करायची, म्हणून त्याला आतून कधीच कल्हई झालेली नव्हती.

त्यांनी वितीनं त्याचं पोट मोजलं. मग म्हणाल्या, “मालनबाई, आंघोळ झाली की हा विझव. रिक्षा बोलाव.”

“कुठं न्यायचा?”

“कापायला.”

मालनबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “लोकं बंबात पानी तापवत्यात, तुमी बंबच तापवायला निघाला! अवो आईनं दिलेला ना तो?”

“आईनंच दिलाय. मोटर देणाऱ्या जॉनभाऊंनी नाही.”

बजरंगही काही केल्या कात्री लावेना. “चालता बंब कापायचा? पाप हाय बाई.”

“बंब माझा, पाप माझं. तू काप.”

यावेळी बाई दुकानातून हलल्या नाहीत. स्टूल मागून घेतलं आणि समोर बसल्या. बजरंगनं पोटाचा पत्रा कापला, भट्टीत लाल केला, पाण्यात विझवून मऊ केला, लाकडी ओंडक्यावर लाकडी हातोडीनं वळवला. काम उत्तम झालं. शेवटी कडा साफ करून झाल्या आणि सवयीनं त्याचा हात मागे कल्हईच्या नवसागराच्या डब्याकडे गेला. बाईंनी छत्रीचं टोक डब्यावर ठेवलं.

“न्हाई न्हाई,” बजरंग ओशाळून हसला. “हात आपोआप जातोय बगा.”

डाख घरी बाईंनीच दिला. भर दुपारी, अंगणात, विटांच्या आडोशात बॉयलर ठेवून. तांबं चेरीसारखं लाल झालं, चांदी पाण्यासारखी सांध्यातून पळाली आणि चहूकडून चकचकीत रेघ उठली. मालनबाई दूर पेरूखाली उभी राहून पुटपुटत होती. काय पुटपुटत होती ते बाईंनी विचारलं नाही.

नाताळ आटोपल्यावर त्यांनी जॉनभाऊंना बोलावलं. पंप हाणला. काटा चढला आणि थांबला. जॉनभाऊंनी घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली.

“काटा अडकला असेल.”

बाईंनी तोटी उघडली. काटा शून्यावर आला. पुन्हा पंप हाणला, पुन्हा तिथेच जाऊन थांबला. जॉनभाऊ चहा पिऊन होईपर्यंत तो हलला नाही. मग जॉनभाऊंच्या समोरच बाईंनी बॉयलर चौकटीवर चढवून खाली स्पिरिटचा दिवा पेटवला. ठरल्या दाबाला सुरक्षेची झडप उघडली आणि जास्तीची वाफ फुस्सकन बाहेर गेली.

“बरं,” जॉनभाऊ म्हणाले. “पण पोरांना दोरीच्या मागे ठेवायचं.”

“ठेवा. मीही तेच म्हणणार होते.”

मेळ्याच्या दिवशी टेबलावर रूळ गोल मांडले होते. भोवती दोरी, दोरीमागे गर्दी. वर फलक तोच, ‘योहानभाऊंची गाडी’. खाली योहानचा हार घातलेला फोटो. बाईंनी फलक वाचला. पाणी भरलं, दिवा पेटवला. काटा हळूहळू चढत गेला. झडप फुसफुसू लागली तशी पोरांनी आरोळी ठोकली आणि जॉनभाऊंनी माईक तोंडाजवळ घेतला.

“बंधू-भगिनींनो, आता आपले दिवंगत योहानभाऊ वैरागर यांच्या हातची गाडी...”

एस्तेरबाईंनी वाफ सोडायच्या दांडीवरचं बोट काढून घेतलं. हाताची घडी घातली.

“सोडा ना वहिनी,” जॉनभाऊ माईक बाजूला करून म्हणाले.

“कोणाची ते आधी नीट सांगा.”

“लोक बघतायत!”

“म्हणूनच म्हणते.”

झडपेतून वाफ वाया चालली होती. आतलं पाणी तेवढं कमी होत होतं, आणि पाणी फार उतरलं की दिवा विझवावाच लागला असता. मग आज गाडी धावलीच नसती. हे बाईंना माहीत होतं. चाचणीच्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे जॉनभाऊंनाही माहीत होतं. आत पाणी किती उरलं ते दाखवणाऱ्या पाणीकाचेतली रेघ खाली सरकत होती. बाई हात बांधून तिच्याकडे बघत राहिल्या. गर्दीतून कुणी ओरडलं, “काय झालं हो? बंद पडली का?”

“बंद पडली नाही,” बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. माईकची गरज पडली नाही. “थांबवली आहे.”

जॉनभाऊंनी फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे. घसा खाकरला. “तर... ही गाडी... हे इंजिन एस्तेरवहिनींनी केलेलं आहे. स्वतः. पहिल्यापासून.” आणि मग जरा थांबून, “मी मोटर बसवा म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही.”

बाईंनी दांडी ओढली. इंजिनानं आधी थुंकल्यासारखं गरम पाणी पिचकारलं, ते जॉनभाऊंच्या पांढऱ्या बाहीवर गेलं. चाक अर्धं फिरून अडलं. बाईंनी बोटानं किंचित ढकललं. मग ते धापा टाकत निघालं, पहिला वळसा घेताना डुगडुगलं, दुसऱ्याला सरळ झालं. पोरं दोरीच्या मागून त्याच्याबरोबर टेबलाभोवती पळू लागली. वाफेला स्पिरिटचा आणि तापल्या तेलाचा वास होता. मागच्या बाजूला बजरंग उभा होता, तो शेजारच्याला सांगत होता, “पत्रा मी ठोकलाय. कल्हईबिगर.”

पाणी आधीच कमी झालेलं होतं, त्यामुळे खेळ फार चालला नाही. रेघ खुणेला आली तशी बाईंनी दिवा विझवला आणि इंजिन फोटोपासून थोडं अलीकडेच थांबलं. पोरांनी “अजून, अजून” केलं. बाई म्हणाल्या, “गार झाल्यावर.”

एक म्हातारी डोळे टिपत पुढे आली. “नवऱ्याची आठवण कशी जपलीस गं बाई.”

“आठवण नाही हो,” एस्तेरबाई फडक्यानं चाक पुसत म्हणाल्या. “इंजिन आहे.”

मग त्यांनी खुर्चीवर चढून फलक उतरवला आणि जॉनभाऊंच्या हातात दिला. जॉनभाऊंनी तो उलटा करून टेबलाखाली ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी डायरी उघडली. रविवार, २९ डिसेंबर. इंजिन धावलं, वाफेवर. पुढचं एक चाक घासतं, बघायला हवं. गव्हाचं पीठ संपलं. उद्या दळण टाकायचं.