वर्तमानपत्रावर पडलेलं लॅन कार्ड

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी एक पायरी पुढे जाते... माझा नुसता अविश्वास नव्हता, मला त्याचा माज होता. पस्तिशीत मी इथे बेंगळुरूत एका सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. चपला दाराबाहेर, आत एसी, आणि एसीपेक्षा गार मी. एका आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या मुनियप्पा अटेंडंटने मशीनला हळदीकुंकू लावलं. मी सगळ्यांसमोर त्याच्या हातात कापूस आणि स्पिरिट दिलं आणि ते पुसायला लावलं. वर विज्ञानावर इंग्रजीतून भाषण ठोकलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. शहाणी कुठली!

याच शहाणीने साठीनंतर काय केलं ते पुढे येईल. जेवायला बसला असाल तर नंतर वाचा.

आमचं घर मल्लेश्वरमला, तळमजल्यावर. मागच्या खोलीत खिडकीशी ह्यांचा कॉम्प्युटर. विंडोज सेव्हन, काळं कॅबिनेट. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो मी शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली होता. यंदा मुलाने, निखिलने, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून फोनवर फर्मान काढलं, "आई, भंगार इलेक्ट्रॉनिक्सवाले येतायत, देऊन टाक." म्हटलं, आधी फोटो काढून घ्यावेत. कव्हर काढलं, बटण दाबलं... घरघरत का होईना, झाला चालू. फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि उगाच ह्यांचा मेलचा प्रोग्राम उघडला. आउटबॉक्ससमोर आकडा होता, एक.

लिहिलेली, सेंड दाबलेली, पण न गेलेली मेल. हॉस्पिटलात नेण्याच्या आदल्या आठवड्यातली. अनघाला.

अनघा आमची मुलगी. संशोधन संस्थेतली चांगली नोकरी सोडून तिने पुण्यात कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस कापायचं दुकान काढलं. हे आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सवाले इंजिनीअर. जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "कुत्र्यांच्या कानातला मळ काढायला शिकवलं होतं तुला?" आणि खरंच शिसारी आल्यासारखं तोंड केलं. ते तोंड तिने पाहिलं. ती उठली, आणि नंतरची दोन वर्षं बापलेक बोलले नाहीत. मग हे गेलेच. ती दिवसांना आली, गप्प राहून भांडी घासली आणि निघून गेली. माझ्याशी फोनवर बोलते, पण हवापाण्याचं.

त्या दोन वर्षांत मीही एक हुशारी केली होती. ह्यांच्या नावाने पत्र टाइप केलं... "माझ्या काळजाच्या तुकड्या, मी चुकलो" वगैरे... आणि खाली ह्यांची सही ठोकली. सही मला ह्यांच्यापेक्षा बरी जमते. चार दिवसांनी फोन आला.

"आई, बाबांनी जन्मात कधी 'काळीज' हा शब्द काढलाय तोंडातून?"

"म्हातारपणी माणूस..."

"आई!"

संपलं. तेव्हापासून माझ्या हातून आलेलं बाबांचं काहीही तिच्या लेखी खोटं. त्यामुळे ही मेल पेनड्राइव्हवर घेऊन मी धाडली असती तर तिने न उघडताच पुसली असती. ती जायला हवी होती ह्यांच्याच मशीनवरून, ह्यांच्याच पत्त्यावरून, ह्यांनी दाबलेल्या सेंडने. लँडलाइन, तिच्यावरचं ब्रॉडबँड आणि ह्यांचा मेलचा पत्ता मी बंद केलेला नव्हता. बाकी सगळं जागेवर होतं, फक्त मशीन नेटला जोडलं जात नव्हतं.

मेल मी वाचली का? काय प्रश्न आहे! वाचली. पण ती पुढे.

डिव्हाइस मॅनेजर उघडला तर नेटवर्क अ‍ॅडाप्टरवर पिवळा त्रिकोण. धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड टेन. ड्रायव्हर काढून टाकला, मशीन पुन्हा चालू केलं... त्रिकोणासकट परत हजर. जुन्या ड्रायव्हरवर मागे जायचं बटण फिकट, दाबलंच जाईना. विंडोजच्या ट्रबलशूटरने पाच मिनिटं हिरवी पट्टी सरकवली आणि सल्ला दिला की अधिक मदत इंटरनेटवर शोधा. मेल्या, तेच तर बंद आहे! मग फोनवर ड्रायव्हर उतरवला आणि केबलने मशीनवर घेतला. पहिला निघाला विंडोज टेनचा. दुसरा चौसष्ट बिटचा, आमचं मशीन बत्तीसचं. तिसरा बसला, 'यशस्वी' म्हणून खिडकीही आली, आणि पिवळा त्रिकोण जिथल्या तिथे.

निखिलला फोन केला.

"मदरबोर्डचा पोर्ट मागे विजेने गेला होता ना? बाबांनी नेटच्या केबलसाठी वेगळं लॅन कार्ड बसवलं होतं," तो म्हणाला. "ते काढून, पुसून परत लाव. नाहीतर सोड ना आई!"

सोडते कसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सरोजाक्का आली. ही आमची शेजारीण. तिचे पूर्वज कधीकाळी तंजावरकडून इथे आले म्हणे, तिच्या मराठीत निम्मं कन्नड. रोज तीनला फ्लास्कमधून कॉफी आणते आणि माझ्या घरची बिस्किटं संपवते. तिच्या हातात टॉर्च दिला, जमिनीवर कन्नड वर्तमानपत्र अंथरलं आणि मी कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा सरकवला.

"अय्यो देवा!" सरोजाक्काने पदर नाकाला लावला. "कोण मेलंय गं आत, वहिनी?"

काय सांगू. वरच्या जाळीखाली हळदीकुंकवाचा ओला होऊन वाळलेला थर, खरूज धरल्यासारखा. त्यात अक्षता... काळ्या पडलेल्या, टोके लागलेल्या. पंख्याच्या पात्यांवर चुरमुरे चिकटलेले. वायरींच्या गुंत्यात झुरळांची अंडी, ती तपकिरी पाकिटं असतात ना, ओळीने. कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची फुटलेली पांढरी टरफलं. आणि लॅन कार्डावर... पाल. पापडासारखी चपटी वाळलेली, चिप्सना चारही पायांनी धरून बसलेली, एक डोळा अजून जागेवर.

सकाळची इडली वर येऊन परत गेली.

आणि हे सगळं आत घातलं कोणी? मुनियप्पाला स्पिरिट देणाऱ्या बाईसाहेबांनी! निवृत्तीनंतर आळीत सगळे आयुधपूजेला गाड्या, मिक्सर, शिवणयंत्र पुजतात म्हणून मीही सुरू केलं. दर वर्षी कव्हर उचलायचं, कॅबिनेटच्या माथ्यावर बोटभर हळदीकुंकू, मूठभर अक्षता, वर चुरमुऱ्यांचा प्रसाद. माथ्यावर जाळी आहे, जाळीला भोकं असतात, खाली मशीन असतं... कॉम्प्युटर विभागात जन्म घालवलेल्या बाईला हे सुचलं नाही. मुनियप्पा शहाणा होता. त्याने बाहेरून एक टिकली लावली होती फक्त.

"आता काय करणार?" सरोजाक्का म्हणाली. "हात लावू नको बाई."

"लावायलाच पाहिजे."

हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या, स्क्रू काढला आणि पापडाच्या चिमट्याने कार्ड ओढलं. कर्रकन सुटलं. पालीसकट वर्तमानपत्रावर ठेवलं. चिमटा लगेच कचऱ्यात. केबलचं टोक सरोजाक्काच्या हातात होतं, ती ते कापसाने पुसत होती. दुसरं टोक मोडेमला.

कार्ड बाहेर असताना मशीन चालू केलं ते एवढ्याचसाठी, की आतली घाण हलवल्यावर ते चालू होतंय का बघावं, आणि यादीतून जुना ड्रायव्हर पुसावा. चालू झालं. डिव्हाइस मॅनेजर उघडला. कार्ड नाही म्हटल्यावर अ‍ॅडाप्टरचं नावच दिसायला नको.

नाव होतं. त्रिकोण नव्हता. धिस डिव्हाइस इज वर्किंग प्रॉपर्ली.

मी चष्मा पुसला. खाली कोपऱ्यातल्या नेटच्या चित्रावर सहा वर्षं असलेली लाल फुलीही गेलेली.

"वहिनी," सरोजाक्का हळूच म्हणाली, "हे बघ स्वल्प."

ती माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होती. वर्तमानपत्रावर पडलेल्या कार्डाचा हिरवा दिवा लागला होता. लुकलुकत होता, डेटा जाताना लुकलुकतो तसा. पालीच्या त्या एका डोळ्यात उजेड दिसत होता... हिरवा, विझत, लागत. कार्डाला काही म्हणजे काही जोडलेलं नव्हतं. कुबट वास एकदम इतका वाढला की मी तोंडावर हात घेतला, तर हातावर दुधाची पिशवी, आणि पिशवीला पालीचा तुकडा. शी! आज लिहितानाही अंग शहारतंय.

तशीच मेलचा प्रोग्राम उघडला. आउटबॉक्सपुढचा आकडा माझ्यादेखत गेला. मेल गेल्यावर वाजतो तो आवाज वाजला. मग दिवा विझला, लाल फुली परत आली आणि यादीतून अ‍ॅडाप्टरचं नाव नाहीसं झालं. तीन वाजून वीस मिनिटं. सरोजाक्काने केबल हातातून अशी टाकली की जणू तीच पाल आहे.

"मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "सरी? कोणी विचारलं तर मी घरी होते." आणि फ्लास्क विसरून गेली.

चारच्या आत अनघाचा फोन.

"आई, हे तू केलंयस?"

"काय?"

"नाटक करू नकोस. बाबांच्या पत्त्यावरून मेल आलीय."

"वाच."

ती वाचायला लागली. मला पाठ होती. 'अनघा, तुझ्या दुकानाचा व्हिडिओ पाहिला. कुत्र्याचा कान साफ करतेस तो. दोनदा पाहिला, पूर्ण. तुझा हात स्थिर आहे. सोल्डरिंगला असा लागतो. कान झाल्यावर पुढे काय करतेस ते व्हिडिओत नाही. कळव. बाबा.'

ती तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली, पुटपुटत.

"हे तुला लिहिता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तू असतीस तर रडवलं असतंस."

हा अपमान मी आनंदाने घेतला.

शनिवारी ती आली, सहा वर्षांनी. निखिलही आला. कसं गेलं ते मी सांगितलं तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निखिलने वायफाय शोधलं. त्या मशीनमध्ये ते कधी नव्हतंच. दिव्याबद्दल म्हणाला, कपॅसिटरमध्ये चार्ज उरला असेल. "आणि मेल?" म्हटलं, तर म्हणाला, "सर्व्हरवर अडकून राहिली असेल." सहा वर्षं? तो म्हणाला, "चहा आहे का?" सरोजाक्काला साक्षीला बोलावलं, ती घरी होती म्हणे.

अनघाने मात्र पिशवीतून तिचे ब्रश आणि चिमटे काढले, जमिनीवर मांडी घातली आणि कार्ड हातात घेतलं. हातमोजे नाहीत. पालीचा एकेक पाय चिप्सवरून असा सोडवला की कार्डाला ओरखडा नाही. मग अक्षता, टोके, अंडी, कुंकवाचा थर... दीड तास. मी दारात नाकाला रुमाल लावून उभी. ह्यांनी जेवताना केलं होतं तसंच तोंड माझंही झालेलं होतं, ते तिने पाहिलं आणि हसली.

"आई, कुत्र्यांच्या कानात याहून वाईट असतं."

चकचकीत झालेलं कार्ड बसवलं, केबल लावली. पिवळा त्रिकोण. कोड टेन. त्यानंतर आजतागायत ते मशीन नेटला लागलेलं नाही, कार्डासह नाही आणि कार्डाशिवायही नाही. मला कारण सापडलेलं नाही. ज्या बाईने मुनियप्पाला भाषण दिलं तिला विचारलं असतं तर तिने दिलं असतं एखादं, इंग्रजीतून.

भंगारवाल्यांना मशीन दिलं नाही. जाण्याआधी अनघा त्याच्यासमोर बसली आणि ह्यांच्या पत्त्यावर दोन ओळी टाइप करून सेंड दाबलं. नेट नाही, त्यामुळे ती मेल आउटबॉक्समध्ये पडून आहे. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं.

वाचलं. 'कान झाल्यावर नखं, मग पावडर. नवीन व्हिडिओ पाठवते.'

रोज तीनला कॉफी पिताना मी कव्हर काढून बघते. सरोजाक्का हल्ली दाराबाहेरच बसते, तिथूनच विचारते, "गेली काय गं?"

नाही. आउटबॉक्समध्ये एक.