सेल्फचं झाकण

आमच्याकडे ट्रकच्या स्टार्टर मोटरला 'सेल्फ' म्हणतात. चावी फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. दादाने लिलावात घेतलेल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकमध्ये ती इंजिनाच्या पार खाली होती. नाल्यातून गाडी काढली की पाणी आधी तिलाच लागायचं. एटापल्लीकडच्या रस्त्यांचा लाल चिखल तिच्या तोंडात जाऊन बसायचा आणि वाळला की विटेसारखा घट्ट व्हायचा.

ट्रक दादाचा, चालवायचो मी. उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता बाहेर काढायचा, पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावांना धान्य पोचवायचं. पहिल्याच पावसाळ्यात सेल्फ दोनदा बसली. आलापल्लीच्या मिस्त्रीने ती खोलली तेव्हा आतून चटणीसारखा गाळ निघाला. मग मी तिला झाकण केलं. तेलाच्या पिंपाचा पत्रा वाकवला, आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि खालची बाजू मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळून जाईल. वायरींच्या जोडांवर ग्रीस थापलं. नाला ओलांडला की बादलीने पाणी ओतून चिखल काढायचो. पुढचे पावसाळे सेल्फने कुरकुर केली नाही.

दादाने त्याबद्दल कधी बरा शब्द काढला नाही. चार माणसांत मात्र सांगायचा, "हा गाडीले लंगोट बांधते." माणसं हसायची. मीही हसायचो.

पुढे दादाला सूरजागडच्या बाजूला खडी वाहायचं काम मिळालं. तो आलापल्लीला राहायला गेला आणि ट्रक स्वतःच चालवू लागला. मी गावात शेतीला लागलो. एकदा तो धानाच्या रोवणीला आला तेव्हा मी सवयीने गाडीखाली वाकून पाहिलं. झाकण नव्हतं.

"काऊन काढलं?" मी विचारलं.

"तिथी सगळ्यायच्या गाड्या नव्या. माही गाडी भिकाऱ्यावानी दिसे."

"आन् धुतो कशी?"

"पंपानं. रोज. चकाचक."

"दादा, पंपाचं पाणी जोरानं आत घुसते. तिले झाकण पाह्यजे."

"तू मले नोको शिकवू. गाडी कोनाची हाय?"

मी उठून बांधाकडे निघालो. ते झाकण वहिनीने कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी माय अंगणात पडली. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात लोंबत होता. बोलायला गेली तर नुसता घरघर आवाज. अॅम्ब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, नाल्यापर्यंत आणा, नाला ओलांडून गाडी येत नाही. मी दादाला फोन केला. तो लगेच निघाला. कमरेएवढ्या पाण्यातून त्याने ट्रक काढला, हे खरंच आहे. दुसऱ्या कोणाची ती हिंमत झाली नसती.

ट्रक अंगणात आला तसा मी धावत गेलो. "दादा, बंद नोको करू. चालूच राहू दे."

"मायले आवाजाचा त्रास होईल," तो म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

आम्ही मायला गोधडीवर घेऊन मागे निजवलं. दादाने चावी फिरवली. खालून 'टक' एवढाच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मी गाडीखाली शिरून सेल्फवर हातोडीने ठोकलं. तिच्या सांध्यांतून लाल पाणी माझ्या तोंडावर गळत होतं. गावातली माणसं धक्का द्यायला आली, पण चाकं चिखलात रुतलेली होती. ट्रक हलला नाही.

शेवटी मायला बाजेवर घेतलं. पाऊस चालूच होता. आम्ही चौघांनी खांदा दिला. दादा तिच्यावर छत्री धरून बाजूने चालत होता आणि रडत होता. नाल्यापलीकडे अॅम्ब्युलन्स उभी होती, पण पार करायला डोंगा यायला वेळ लागला. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे गडचिरोलीला पोचेपर्यंत दुपार उलटली होती. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता त्याची वेळ गेली.

संध्याकाळी मामा आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा त्याला सांगत होता, "यानं सेल्फले रबर गुंडाळून ठेवलं होतं ना. आत दमट राहून वायरी सडल्या. नाई तं गाडी कायले धोका देते?"

मी तिथेच उभा होतो. "ते तं तूच काढलं," मी म्हणालो.

"आता भांडाची येळ हाय का?" मामा माझ्यावरच खेकसला.

दादाने मान खाली घातली. त्याने तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी त्याला काहीच बोललो नसतो. पण तो बोलला नाही. नंतर तीच गोष्ट सगळ्या नातेवाइकांत फिरली. लग्नात, तेरवीत कोणी ना कोणी मला सांगतं, गाडीत उगाच हात घालू नये बापा.

ट्रक दादाने विकून टाकला. माय माझ्याकडे आहे. तिची वाचा हळूहळू परत आली, उजवा हात आला नाही. तिला घास मी भरवतो, न्हाणीत बायको नेते. दादा सणाला येतो, साडी आणतो, बाजेपाशी बसून तिचा तो हात चोळतो. ती त्याच्याकडे बघत राहते.

मागच्या पोळ्याला तो गेल्यावर मी तिला भात भरवत होतो. घास गिळून ती सावकाश म्हणाली, "तुह्या दादानं मले वाचवाले पाण्यात गाडी घातली. तू तिची मशीन बिघडवली नसती, तं माहा हात राह्यला असता."

मी वाटीतला भात कालवत राहिलो. ती तोंड उघडून पुढच्या घासाची वाट पाहत होती. मी तो दिला.