पांघरायचं दुपटं अंथरलं

मी बाळंतपणाच्या रजेवर घरी बसले, त्याच आठवड्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला आल्या. बॅगेतून डिंकाच्या लाडवांच्याही आधी एक गाठोडं निघालं. आत त्यांच्या जुन्या सुती साड्या होत्या, धुऊन धुऊन मऊसूत झालेल्या.

"बाळाचं दुपटं घरीच करायचं," त्या म्हणाल्या.

मला बरं वाटलं. मी गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करायचे, पण शर्टाचं बटण तुटलं की तो शर्टच घालायचं सोडायचे. म्हटलं, आई शिवतील, आपण सुईत दोरा ओवून देऊ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी साडी टेबलावर पसरली आणि कात्री माझ्या हातात दिली.

"अहो आई, मी? मला वाटलं, तुम्हाला शिवता येतं."

"मला कुठलं? सगळा जन्म बँकेत गेला. तुम्ही मुली हल्ली मोबाइलवर बघून काहीही करता, म्हणून तर साड्या आणल्या."

दोघी इतक्या हसलो की बाळानंही पोटात लाथ मारली.

तळमजल्यावर एक जर्मन आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या खिडकीतल्या शिलाई मशीनकडे मी जाता-येता बघायचे. धीर करून विचारलं. त्यांनी लगेच आम्हा दोघींना आत घेतलं, कापडाला आधी इस्त्री करायला लावली, सरळ टीप कशी घालायची ते दाखवलं आणि केक बघायला स्वयंपाकघरात गेल्या. त्या येईपर्यंत आम्ही साडीचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडले आणि चारही कडा शिवून टाकल्या.

आजींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "आल्झो, तर मग," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता हे सुलट कुठून करणार?"

मी मराठीत सांगितलं तसा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. केक खात खात आजींनीच एका कडेची टीप उसवली. हात आत जाईल एवढ्या जागेतून दुपटं बाहेर ओढलं, मध्ये गाठोड्यातल्याच दुसऱ्या मऊ साडीचा थर घातला आणि ती फट हातानं शिवली. मग आजी जर्मनमध्ये बोलायच्या, सासूबाई मराठीत, आणि थोड्याच दिवसांत माझी दुभाष्याची नोकरी गेली. मधले धावदोरे दोघींनी समोरासमोर बसून घातले.

मुलगी झाली. घरी आल्यावर इथल्या पद्धतीप्रमाणे सुईण तपासायला आली. पाळण्यातलं दुपटं तिनं उचललं, टाक्यांवरून बोट फिरवलं, छान म्हणाली आणि बाजूला ठेवलं. तिनं सांगितलं, पहिल्या वर्षी बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण नको, तोंडावर येतं. इथे बाळांना झोपायला पिशवीसारखा श्लाफझाक असतो, तोच घालायचा.

हे सासूबाईंना सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"आमची सगळी पोरं दुपट्यातच वाढली," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सुईणीला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला असावा. तिनं दुपटं जमिनीवर पसरलं आणि जाग्या बाळाला त्यावर पालथं घातलं. रोज थोडा वेळ असं ठेवायचं, जवळ बसायचं, म्हणाली.

सासूबाई वळल्या. "म्हणजे पांघरायचं नाही, अंथरायचं?"

"हो."

"मग तसं सांग की नीट."

संध्याकाळी आजी बाळाला बघायला वर आल्या आणि दुपट्याशेजारी फरशीवर बसल्या. उठताना त्यांचा गुडघा अडला. सासूबाईंनी हात दिला, तर त्याही खाली बसल्या. शेवटी माझ्या नवऱ्यानं येऊन एकेकीला उभं केलं. बाळ तेवढ्यात दुपट्यावर ओलं करून मोकळं झालं होतं.

"धुऊन टाकू," सासूबाई म्हणाल्या. "आणि उरलेल्या साडीचं दुसरं करू. एकानं काय होतंय?"