मावशीच्या गालातली गाठ

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं सुन्न झालंय.

मुरमांच्या खड्ड्यांसाठी आज मी गंगापूर रोडच्या स्किन क्लिनिकमध्ये गेले होते, सोबत मावशी. डॉक्टर म्हणाले, खड्डे भरायला फिलरचं इंजेक्शन घ्या, नाहीतर छोटी सर्जरी करू.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "इंजेक्शन नको घेऊस. माझ्या गालातली गाठ त्याचीच आहे."

आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं, तिला गांधीलमाशी चावली म्हणून.

मावशीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. १९८०च्या सुमारास तिचं लग्न ठरलं ते फोटोवरून, आणि फोटोतले व्रण स्टुडिओवाल्याने पुसले होते. लग्नात खरा चेहरा दिसेल म्हणून घाबरून आजोबा तिला मुंबईला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथेही हेच दोन पर्याय होते. ऑपरेशनची जखम मुहूर्तापर्यंत भरणार नव्हती, म्हणून आजोबांनी सिलिकॉनचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मावशीला कुणी विचारलंच नाही.

"आणि काका काय म्हणाले?"

"लग्नानंतर पहिलं हेच विचारलं, 'गालाला काय झालं? मी तर तुला नांदगावच्या स्टँडवर बघूनच मागणी घातली होती.'"



तुमच्याही घरात अशी एखादी गांधीलमाशी आहे का?