नवऱ्याचं गालगुंड

माझ्या सासूनं मला फसवलं. तिच्या मुलाला कधी मूल होणार नाही, हे तिला तो पंधरा वर्षांचा असतानाच कळलं होतं. तरी तिनं माझ्या बापाच्या ओटीवर बसून मला मागणी घातली.

मी मासे विकते. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, आता बंदरावरच्या लिलावात पुरुषांच्या वर आवाज चढवून माल उचलते. कल्ले लाल दिसल्याशिवाय मी बांगडा घेत नाही. नवरा मात्र वरवर बघून घेतला. आवाज भरदार, मिशी दाट. रात्रीचंही काही कमी नव्हतं.

मूल होईना, तेव्हा तपासण्या माझ्या झाल्या. गर्भाशयाच्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढला, त्या दिवशी मी टेबलावर ओरडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं ठीक आहे. आता नवऱ्याला आणा." सासू ऐकेना. "पुरुषाक कित्याक तपासूचा? मिशी बघलंस त्याची?" नणंदेच्या डोहाळजेवणात तिनं माझ्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. "तू रव गो. भितर जा, भांडी बघ." बायका हसल्या. मी भांडी घासली. त्या बायकांना मी आजही शिळा मासा ताजा म्हणून देते.

शेवटी नवऱ्याला ओढूनच कणकवलीला नेलं. वीर्य दोनदा तपासलं, बीज एकही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गालगुंड झालं होतं?"

"पंधराव्या वर्षी," नवरा म्हणाला. "खालीसुद्धा सूज इलेली. दोन्ही बाजूक."

मग डॉक्टरांनी समजावलं. वृषणाची कामं दोन. आतल्या बारीक, गुंडाळलेल्या नळ्यांत बीज तयार होतं, आणि नळ्यांच्या मधल्या पेशी पुरुषाचं हार्मोन रक्तात सोडतात. वरचं आवरण चिवट. सूज आली तेव्हा आत पसरायला जागाच नव्हती. नळ्या चिरडून मेल्या. मधल्या पेशी तगल्या, म्हणून मिशी आली, आवाज फुटला.

"आणि ते पाणी?" मी विचारलं.

ते जवळजवळ सगळं दुसऱ्या ग्रंथींचं, म्हणाले; शुक्राशयाचं आणि प्रोस्टेटचं. बीज त्यात नावापुरतं असतं. नसलं तरी डोळ्यांना कळत नाही.

"म्हणजे पेटीभर बर्फ, नि मासा एकही नाय," मी तिथेच मोठ्यानं म्हणाले. नवऱ्यानं मान खाली घातली. घालू दे.

परतताना त्यानं आईचं सांगितलं, "तेव्हाच्या डॉक्टरान आवशीक भायर बोलावन कायतरी सांगितलेला. ती रडत इली. माका काय सांगूक नाय."

घरी पोचल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही. सासू तांदूळ निवडत होती. तिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, "सांगला असता तर माझ्या झिलाक कुठच्या बापान आपला चेडू दिला असता?"

लग्नातली फसवणूक मी एक वेळ गिळीन. सौद्यात न बघणाऱ्याचीही चूक असते. पण याच बाईनं ग्रामदेवतेच्या जत्रेत माझ्या नावानं गाऱ्हाणं घातलं होतं. सगळा गाव जमलेला, मी पदर पसरून मधोमध उभी. "ह्या सुनेची कूस उजव रे महाराजा," मानकऱ्यानं हाक दिली. "होय महाराजा!" गाव म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज सासूचा होता. सगळं ठाऊक असून ती देवापुढे हात जोडून उभी राहिली, आणि लोक माझ्या पोटाकडे बघत राहिले.

नवरा म्हणतो, "सोड गो आता. म्हातारी झाली ती. गुडघे गेले तिचे."

माझ्या नावानं गाऱ्हाणं घालायला चालत गेली होती ना? आता रिक्षा मी आणते. जत्रा भरेल तेव्हा तिनं त्या देवळात, त्याच लोकांपुढे उभं राहून तोंडानं सांगावं, कमी कोणात होतं आणि तिला ते कधीपासून ठाऊक होतं.