दोघांच्या पैशात चौघं

पहूरच्या सुमनबाईला राग म्हणून येतच नाही, असं सगळं गाव म्हणायचं, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं तिचा नवरा जीवराम. "आमची सुमन म्हंजे गाय," असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. गाय म्हणजे काय, तर दूध काढायचं आणि खुंट्याला बांधून ठेवायचं, एवढंच ना? पण हे त्याला विचारणार कोण!

जीवराम वाईट माणूस नव्हता, हेही सांगून टाकतो, नाहीतर उगाच कोणी म्हणेल की मी बाईची बाजू घेतो. घ्यायचीच आहे म्हणा. तर तो दारू पीत नव्हता, बायकोवर हात उगारत नव्हता, दहा एकरांत केळी आणि कापूस होता आणि देणं कोणाचं नव्हतं. फक्त पैसा सुटायचा म्हटलं की त्याचा हात खिशातून बाहेर निघायचा नाही. लग्नाला जाताना नव्या चपला पिशवीत घालून हा अनवाणी निघायचा आणि मांडवाच्या दारात त्या पायात सरकवायचा. तळ झिजत नाही म्हणे! पायाचे तळवे झिजले तर चालतात, ते फुकटचे.

सुमनबाईच्या हातचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मात्र पंचक्रोशीत नावाजलेले. चैत्राच्या उन्हात अंगणात चूल पेटवायची, आंबवलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटवायचा, दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत राहायचं, आणि चटके बसत असतानाच तो ओल्या कापडावर पसरायचा. हातांवर शिंतोड्यांचे फोड यायचे. गावच्या बायका घरापुरते करतात. सुमनबाईनं ते विकायला सुरुवात केली ती दीपनगरमुळं. तिथल्या वीज केंद्राच्या वसाहतीत तिच्या माहेरची कुंदाबाई राहायची, नवरा नोकरीला. कॉलनीतल्या बायकांना बिबडे हवे असायचे आणि चुलीपुढं बसायला नको असायचं. कुंदाबाईनं गिऱ्हाइकं मिळवून दिली, आणि तीन उन्हाळ्यांत सुमनबाईजवळ अकराशे रुपये जमले.

हे पैसे कशासाठी, ते तिनं पहिल्याच उन्हाळ्यात ठरवलं होतं. कुंदाबाई नवऱ्याबरोबर मुंबईहून गोव्याला बोटीनं जाऊन आली होती. "सकाळी बोटीत बसायचं ते दुसऱ्या सकाळी उतरायचं," ती सांगत होती. "आपली केबिन असते, खिडकीतून समुद्र. आणि सुमन, जेवण हातात आणून देतात गं." समुद्र ऐकून सुमनबाईनं मान डोलावली, पण जेवण हातात आणून देतात म्हटल्यावर तिनं हातातलं काम खाली ठेवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तापात फणफणली तरी चूल तिनंच पेटवली होती. बाळंतपणाचे दिवस सोडले, तर बसल्या जागी कोणी तिच्यापुढं ताट ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. एक दिवस, एकच दिवस, तिला स्वयंपाक करायचा नव्हता. बस. एवढंच मागणं होतं.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर तिनं जीवरामपुढं पैसे ठेवले आणि सांगितलं, दोघांची केबिन काढा. तो कुरकुरेल, चार दिवस तोंड फुगवेल, असं तिनं धरलं होतं. तर हा लगेच हो म्हणाला! तिथंच तिला शंका यायला हवी होती. "मुंबईच्या भाच्याले लिहितो, तो काढीन तिकिटं," म्हणाला, आणि पैसे मोजून खिशात घातले. मग निघायच्या दोन दिवस आधी म्हणतो, "शिदोरी जरा जास्ती घे. दर्यावर भूक लय लागते म्हंतात."

"बोटीवर जेवण भेटते ना?"

"अवं, एखाद्या टायमाले नाही आवडलं तर? घरचं असलेलं बरं."

माणूस घाबरतोय म्हणून तिनं पुऱ्या केल्या, दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेथीचे लाडू वळले. चार डबे भरले. त्यानं वर केळीच्या चार फण्या हिरव्याच उतरवून पोत्यात बांधल्या, मुंबईत केळी विकत कशाला घ्यायची म्हणून. पहूरहून छोट्या गाडीनं पाचोरा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. गाडीत तिनं कमरेचा बटवा चाचपून पाहिला. उरलेले पैसे त्यानं तिच्याजवळ दिले होते. मुंबईत खिसे कापतात, बाईमाणसाच्या कमरेला हात घालायची कोणाची हिंमत नसते, हा त्याचा हिशेब.

भाऊच्या धक्क्यावर पोचली तर बोट समोर उभी, पांढरी, दोन मजली घराएवढी. सुमनबाईचा सगळा शीण उतरला. आणि मग तिला गर्दीत ओळखीचं लुगडं दिसलं. तिची नणंद लताबाई! शेजारी फेटा बांधून, हातात काठी घेऊन लताबाईचा नवरा रुपचंद. शिरपूरहून एस.टी.नं रात्रभर बसून आले होते.

"वैनी!" लताबाई धावत आली. "दादानं पत्र धाडलं, म्हने चला, तुमची तिकिटं काढली शे!"

सुमनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खुशीत होता. "केबिनीचं तिकीट डेकच्या चौपट," तो हळूच म्हणाला, जशी काही लॉटरीच लागली. "म्या म्हनलं, बोट तर एकच, पोचनार बी संगंच. डेकची चार काढली. दोघांच्या पैशात चौघं, आन् वरून पैसे उरले! पाव्हण्याले कधीचं कुठं नेलं नव्हतं, ते बी होऊन गेलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिदोरी जास्ती घे! दर्यावर भूक लय लागते! म्हणजे चौघांच्या पुऱ्या तिच्याकडून लाटून घेतल्या, आणि तिला कळूसुद्धा दिलं नाही. तीन उन्हाळे तिनं हात भाजून घेतले, आणि त्या पैशातून नवऱ्यानं काय खरेदी केलं? तर अजून दोन जणांचं जेवण वाढण्याची संधी! ती तोंड उघडणार, तेवढ्यात लताबाईनं वाकून नमस्कार केला आणि मागं रुपचंद खाकरला. जावयासमोर भांडायचं कसं? तिनं शब्द गिळले. आजवर गिळलेले कमी नव्हते, त्यात हे आणखी.

डेक म्हणजे उघडी फळी. लोकांनी आधीच सतरंज्या अंथरून जागा धरल्या होत्या, कोणाच्या कोंबड्या टोपलीत, कोणाच्या ट्रंका. जिन्याशेजारी चौघांना जेमतेम बसता येईल एवढी जागा मिळाली. जीवरामनं घोंगडी पसरली आणि म्हणाला, "घ्या! वारा कसा मस्त!" बोट सुटली. सुमनबाईला समुद्र दिसला तो शेजारच्या माणसाच्या ट्रंकेवरून, तोही उभं राहिलं तरच.

आता जावई म्हणजे काय, ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. जावई घरी आला की त्याला गरम ताट, पाट, पायावर पाणी. शिळंपाकं त्याच्यापुढं ठेवलं तर सात पिढ्या ऐकावं लागतं. साठीचा झाला तरी जावई तो जावईच. जीवरामनं तिकिटाचा हिशेब बरोबर केला, केळ्यांचासुद्धा केला, फक्त जावयाला जमिनीवर बसवून कालच्या पुऱ्या खायला घालायच्या, याचा हिशेब त्याला सुचला नाही. रुपचंदनं घोंगडीकडं पाहिलं, कोंबड्यांकडं पाहिलं, आणि काठी आडवी ठेवून तोंड फिरवून बसला.

दुपारी लताबाई म्हणाली, "वैनी, त्यास्नी भूक लागनी व्हई, वाढा ना." सुमनबाईनं डबा उघडला, ताटलीत वाढलं, पुढं केलं. रुपचंदनं बघितलंसुद्धा नाही.

"माले भूक नही."

"पाव्हणे, दोन घास..." जीवराम अजीजीनं म्हणाला.

"जावईले आठे कोंबडासमा बसाडतस," रुपचंद मोठ्यानं म्हणाला, आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जाईल असा. "आनि वरतून काल्हनी पुरी! आम्हना गावमा सांगसू मी, पहूरना पाहुणचार कसा शे तो."

जीवरामचं तोंड उतरलं. शिरपूरला हे गेलं की बहिणीच्या सासरी तोंड दाखवायची सोय नाही. तो जिन्यावरच्या माणसाकडं जाऊन काहीतरी विचारून आला आणि सुमनबाईजवळ बसून कानात म्हणाला, "वर केबिनी हायेत काही रिकाम्या. फरक भरला की भेटते. काढ पैसे."

क्षणभर तिला वाटलं, चुकलं त्याचं, कळलं त्याला. तिनं बटव्याला हात घातला.

"पाव्हण्याले देऊ," तो म्हणाला. "आपलं आन् लतेचं काय, आपन कुठं बी पडू. तू वर जाऊन तेवढं त्याले गरम काही भेटते का ते पाय. स्वैपाकघर असीन तर तूच टाक दोन पोळ्या. तुह्या हातचं आवडते त्याले."

बावीस वर्षांत सुमनबाईला राग आला नव्हता म्हणतात ना? तो येत होता हो, रोज येत होता, पण त्याला बसायला जागा मिळत नव्हती. आता मिळाली. तिच्या केबिनीवर त्यानं फुली मारली होती ती पैसे वाचवायला, आणि तीच केबिन तिच्याच पैशानं रुसलेल्या जावयाला! वर पोळ्याही तिनंच लाटायच्या, समुद्रात!

"मीच जाते," ती म्हणाली. "तुम्ही बसा पाव्हण्यांजवळ."

जीवरामला बरं वाटलं. "गाय हाय," तो रुपचंदला म्हणाला असेल बहुतेक.

वर एका खिडकीमागं बोटीचा कारकून बसला होता. सुमनबाईनं पदर खोचला, बटवा त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "केबिन भेटन का? एका बाईले. एकच खाट पायजे."

"एकट्या आहात?"

"नाही. पण खाट एकच पायजे."

बायकांच्या केबिनीत एक खाट रिकामी होती. तिनं पैसे भरले, नाव सांगितलं. जेवणाचंही विचारलं, त्याचेही भरले. बटव्यात आता परतीच्या एस.टी.पुरतेसुद्धा नव्हते. असू देत! पैसे कसे वाचवायचे ते कळणारा माणूस खाली बसला होता.

खाट पांढऱ्या चादरीची होती, आणि डोक्याशी गोल खिडकी. खिडकीत नुसतं पाणी. सुमनबाई टेकली, पाय वर घेतले. थोड्या वेळानं दार वाजलं आणि एका माणसानं ताट आणून ठेवलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या. पोळ्या जाड होत्या, वरणात मीठ कमी होतं. ती सगळं जेवली. जेवून झाल्यावर सवयीनं ताट उचलून उभी राहिली, नळ कुठं आहे ते बघायला लागली. तो माणूस दारातच होता.

"राहू द्या बाई, मी नेतो," म्हणाला, आणि ताट घेऊन गेलासुद्धा.

तिला वाटलं होतं, असं झालं की आनंद होईल, डोळ्यांत पाणीबिणी येईल. तसं काही झालं नाही. तिला आणखीच राग आला. एवढं सोपं होतं? एक ताट आणायला, एक न्यायला कितीसा वेळ लागला? दोन मिनिटं नाही लागली. आणि बावीस वर्षांत एका माणसाला ती दोन मिनिटं मिळाली नाहीत! ती खाटेवर बसून मनातल्या मनात नवऱ्याला अशा शिव्या देत होती की समोरच्या खाटेवरची म्हातारी विचारायला लागली, बाई, बोट लागली का तुम्हाला?

दिवस कलायला लागला तेव्हा दार पुन्हा वाजलं. बाहेर जीवराम, घामाघूम. कारकुनानं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"अवं, काय केलं हे? बठ्ठे पैसे घातले?" तो दबक्या आवाजात ओरडला. "परत कसं जाचं? आन् तो पाव्हणा तिथं उपाशी बसला, लता रडू राह्यली. चाल, वाढ आधी त्याले."

"मी जेवले," सुमनबाई म्हणाली.

"तू जेवली? आमचं काय? एका खाटेपायी इतके पैसे, लाज नाही वाटत?"

"माहेच होते. तीन उन्हाळे भाजून घेतलं म्या त्याच्यासाठी."

"घरामधी माहं-तुहं असते का कुठं?" जीवराम हात नाचवून म्हणाला. आजूबाजूच्या दारांतून बायका डोकावायला लागल्या होत्या. "संसारात बठ्ठं एकच असते!"

"असं?" सुमनबाई उठून दारात आली. तिचा आवाज चढला, पण तिनं तो हळू केला नाही. "मंग वाढणं बी एकच. ते कायले एकटीचं माहं? पाव्हणा तुमचा, बहीण तुमची, हात तुमचे धडधाकट. घरात माहं-तुहं नसते ना? जा. वाढा."

तिनं दार लावून घेतलं. तो बाहेर दार अडवूनच उभा राहिला. मग कोणीतरी बादली घेऊन आलं, वाट द्या म्हणालं, तेव्हा त्याच्या चपला जिन्यावरून खाली गेलेल्या तिला ऐकू आल्या.

खाली काय झालं ते लताबाईनं सकाळी पणजीच्या धक्क्यावर उतरल्यावर सुमनबाईला सांगितलं. लताबाई वाढायला उठली, तर जीवरामनं तिला हातानं खाली बसवलं. मग एकेक डबा उघडून बघितला, चटणी कोणत्या डब्यात ते त्याला सापडेना. शेवटी जन्मात पहिल्यांदा त्यानं कोणाच्या तरी ताटात पुरी वाढली, आणि रुपचंदनं ती निमूट खाल्ली.